अजगरपालन, आयातबंदी आणि दबावगट : अमेरिकेतील लेसी कायद्याच्या संदर्भात

प्रस्तावना

दबावगट हा विषय वर्गात शिकविताना आपण कामगार संघटना, शेतकरी संघटना आणि उद्योजकांचे महासंघ यांची उदाहरणे देतो. अजगर पाळणाऱ्या छांदिष्टांनी एका बलाढ्य राष्ट्राच्या आयातविषयक धोरणाशी दीर्घकाळ झुंज दिली, हे उदाहरण मात्र सहसा कोणी देत नाही. अमेरिकेतील सरीसृपपालकांच्या या लढ्याचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. परदेशी अजगर धोकादायक आहे की नाही, असे या वादाचे वरवरचे स्वरूप दिसते. प्रत्यक्षात धोका आहे हे शासनाने सिद्ध करावयाचे की धोका नाही हे आयातदाराने, हा या वादाचा गाभा आहे.

कायद्याची चौकट

अमेरिकेत परदेशी प्राण्यांच्या आयातीचे नियमन प्रामुख्याने १९०० च्या लेसी कायद्याने होते. आयोवा राज्याचे प्रतिनिधी जॉन लेसी यांच्या नावाने तो ओळखला जातो. मूळ कायद्यात मुंगूस, फळभक्षी वटवाघूळ, इंग्लिश चिमणी आणि स्टार्लिंग पक्षी यांची आयात नावानिशी निषिद्ध केली होती. पुढे या यादीत भर पडत गेली. परंतु पद्धत तीच राहिली. ज्या प्रजातीस 'अपायकारक' ठरविले गेले तिच्यावर बंदी आणि यादीत नसलेल्या प्रजातीस, अन्य कायद्यांची आडकाठी नसल्यास, प्रवेश मोकळा. याला 'निषिद्ध यादी'ची पद्धत म्हणता येईल. परवानगी दिलेल्या प्रजाती तेवढ्याच आणता येतील, अशी 'अनुमत यादी'ची पद्धत याच्या नेमकी उलट होय. पहिल्या पद्धतीत सिद्धतेची जबाबदारी शासनावर येते, तर दुसरीत ती आयातदाराकडे जाते.

एव्हरग्लेड्सचा अनुभव

फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला एव्हरग्लेड्स हा विस्तीर्ण पाणथळ प्रदेश आहे. आग्नेय आशियातील बर्मी अजगर पाळीव प्राणी म्हणून अमेरिकेत आला आणि मालकांनी सोडून दिल्यामुळे वा निसटल्यामुळे या प्रदेशात स्थिरावला. आणताना हा साप हातभर लांबीचा असतो. परंतु पुढे तो पंधरा फुटांहून अधिक वाढू शकतो व घरात ठेवणे अशक्य होते. २००० च्या सुमारास तेथे त्याची प्रजननक्षम संख्या असल्याचे अभ्यासकांनी मान्य केले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १९९६-९७ आणि २००३ ते २०११ या काळांत रस्त्यांवरून केलेल्या निरीक्षणांची तुलना करण्यात आली. रॅकून दिसण्याचे प्रमाण ९९.३ टक्क्यांनी, ऑपोसमचे ९८.९ टक्क्यांनी आणि बॉबकॅट या रानमांजराचे ८७.५ टक्क्यांनी घटलेले आढळले. ही घट केवळ अजगरामुळेच झाली काय, याविषयी आक्षेप घेतले गेले. घटीचे प्रमाण मात्र नजरेआड करण्यासारखे नव्हते.

दबावगटाची कार्यपद्धती

जानेवारी २००९ मध्ये ग्वाम बेटाच्या प्रतिनिधी मॅडेलीन बोर्डॅलो यांनी प्रतिनिधीगृहात एक विधेयक मांडले. कोणतीही परदेशी प्रजाती आणण्यापूर्वी तिच्या धोक्याचे मूल्यमापन व्हावे, असे त्याचे सूत्र होते. ग्वामच्या प्रतिनिधीने असे विधेयक मांडावे, हा योगायोग नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून तेथे शिरलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने त्या बेटावरील बहुतेक स्थानिक वनपक्षी संपविले होते. विधेयकाविरुद्ध साप, मासे व पक्षी पाळणारे आणि त्यांचे व्यापारी एकत्र आले. लोकप्रतिनिधींकडे पत्रांचा ओघ सुरू झाला. एप्रिल २००९ मध्ये उपसमितीपुढे सुनावणी झाली. पुढे विधेयक तेथेच अडले.

त्यानंतर शासनाने प्रचलित कायद्याचाच मार्ग धरला. २०१० मध्ये नऊ मोठ्या सर्पप्रजातींना अपायकारक ठरविण्याचा प्रस्ताव आला. 'युनायटेड स्टेट्स असोसिएशन ऑफ रेप्टाइल कीपर्स' या संघटनेने त्यास दोन प्रकारे उत्तर दिले. पहिले उत्तर आर्थिक होते. संघटनेने करवून घेतलेल्या २०११ च्या अहवालात, सरीसृप व्यवसायाचे २००९ मधील उत्पन्न १ ते १.४ अब्ज डॉलर असल्याचे मांडले गेले. दुसरे उत्तर वैज्ञानिक होते. हे साप अमेरिकेच्या दक्षिणेकडील विस्तृत भागात तगू शकतील, असा निष्कर्ष काही शासकीय संशोधकांनी हवामानाच्या तुलनेवरून काढला होता. अन्य संशोधकांच्या मते हे क्षेत्र बरेच लहान होते. जानेवारी २०१० च्या थंडीच्या लाटेत एव्हरग्लेड्समधील अनेक अजगर मेले. यामुळे पालकांच्या युक्तिवादास बळ मिळाले.

अखेर २०१२ मध्ये बर्मी अजगरासह चार प्रजाती आणि २०१५ मध्ये आणखी चार प्रजाती यादीत आल्या. व्यापारात मोठा वाटा असलेला बोआ कन्स्ट्रिक्टर मात्र वगळण्यात आला.

न्यायालयीन लढाई

संघटनेने २०१३ मध्ये न्यायालयात धाव घेतली. तेथील मुद्दा सापांचा नव्हता, व्याकरणाचा होता. 'अमेरिकेचा खंडीय भाग, कोलंबिया जिल्हा, हवाई, पोर्टो रिको आणि अन्य ताबाक्षेत्रे यांच्या दरम्यान' अपायकारक प्राण्यांची वाहतूक करण्यास कायदा मनाई करतो. खंडीय भाग हा एक घटक मानला, तर त्याच्या अंतर्गत एका राज्यातून दुसऱ्या राज्यात होणारी वाहतूक या शब्दांत बसत नाही. एप्रिल २०१७ मध्ये वॉशिंग्टन येथील अपील न्यायालयाने हाच अर्थ ग्राह्य धरला. आयातबंदी कायम राहिली. परंतु खंडीय ४९ राज्यांमधील वाहतुकीवरील या कलमाखालील बंधन उठले.

२०२२ मध्ये प्रतिनिधीगृहाने संमत केलेल्या एका मोठ्या औद्योगिक विधेयकात हे बंधन पुन्हा आणण्याची तरतूद होती. तसेच, ज्या प्रजातींची आयात नगण्य प्रमाणापलीकडे होत नव्हती त्यांना आधीच अपायकारक गृहीत धरावे, असेही त्यात सुचविले होते. सरीसृपपालकांनी पुन्हा मोहीम उघडली. ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या अंतिम कायद्यात ही तरतूद नव्हती.

मूल्यमापन

पालकांची बाजू निव्वळ स्वार्थाची होती, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २०१२ नंतर नोकरीनिमित्त एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या व्यक्तीने वर्षानुवर्षे सांभाळलेला अजगर सोबत नेला, तरी तो संघराज्यीय गुन्हा ठरत होता. उत्तरेकडील थंड राज्यात पेटीत राहणाऱ्या सापाचा एव्हरग्लेड्सशी संबंध काय, हा त्यांचा प्रश्नही गैरलागू नव्हता. कायद्याच्या शब्दांपलीकडे प्रशासनाने जाऊ नये, ही त्यांची मागणी तर कोणत्याही कायदाप्रिय नागरिकास मान्य व्हावी.

तथापि या यशामागे आणखी एक कारण आहे. मॅन्कर ऑल्सन यांनी १९६५ मध्ये 'द लॉजिक ऑफ कलेक्टिव्ह अ‍ॅक्शन' या ग्रंथात दाखविल्याप्रमाणे, ज्यांचे हित थेट गुंतलेले असते असा लहान गट लवकर संघटित होतो. ज्यांचे नुकसान विखुरलेले असते ते संघटित होत नाहीत. बंदी आली तर कोणाचा व्यवसाय बुडेल, हे नावानिशी सांगता येते. बंदी न आल्यास कोणत्या पाणथळीतील कोणता प्राणी नाहीसा होईल, हे आगाऊ सांगता येत नाही. बर्मी अजगरावर बंदी येईपर्यंत तो एव्हरग्लेड्समध्ये पक्का रुजला होता. निषिद्ध यादीच्या पद्धतीत पुरावा पुरेसा होईपर्यंत उपायाची वेळ बहुधा निघून गेलेली असते. जानेवारी २०१६ मध्ये घातक बुरशी देशात शिरण्यापूर्वीच सॅलॅमँडरच्या २०१ प्रजाती यादीत घालण्यात आल्या. त्या निर्णयाचे महत्त्व म्हणूनच अधिक आहे.

भारतीय संदर्भ

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाचा भर देशी प्राण्यांवर राहिला. परदेशी पाळीव प्राण्यांसाठी केंद्र शासनाने जून २०२० मध्ये स्वेच्छेने माहिती देण्याची योजना आणली. २०२२ च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातील परदेशी प्रजाती अधिनियमाच्या कक्षेत आल्या, तर २०२४ मध्ये नोंदणीचे नियम झाले. मात्र नोंदणी म्हणजे धोक्याचे मूल्यमापन नव्हे. शोभेच्या टाकीतला सकर मासा उजनी जलाशयात पोहोचला आहे. त्याच्या काटेरी परांनी फाटलेल्या जाळ्यांचा खर्च मच्छीमार सोसतात. टाकीतला मासा विकणारा अथवा सोडून देणारा तो सोसत नाही.

समारोप

सरीसृपपालकांनी लोकशाहीतील सनदशीर साधनेच वापरली आणि त्यांतून शासनाला कायद्याच्या शब्दांचे भान आणून दिले. दोष त्यांच्या संघटित होण्यात नाही. दुसरी बाजू असंघटित राहण्यात आहे. म्हणूनच सिद्धतेची जबाबदारी कोणावर टाकावयाची, हा निर्णय विधिमंडळाने प्रजाती येण्यापूर्वी आणि उघडपणे घेतला पाहिजे. तो घेतला नाही, तर त्याची किंमत सुनावणीत कधीच हजर नसलेल्यांना मोजावी लागते.