हेतू नव्हता, म्हणजे कारणही नव्हते काय?

शहरात एखादा खून होतो. मारणारा आणि मरणारा यांची ओळख नसते, वैर नसते, देण्याघेण्याचा व्यवहारही नसतो. दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रात ‘विनाकारण खून’ असा मथळा येतो, चार दिवस हळहळ होते आणि विषय मिटतो. ‘विनाकारण’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. तो एकदा उच्चारला की पुढे विचार करण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. प्रस्तुत विवेचनात आम्ही या एकाच शब्दाची तपासणी करणार आहोत, आणि त्यासाठी एका अमेरिकन टेलिव्हिजन मालिकेतील एका भागाचा आधार घेणार आहोत. व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर टेलिव्हिजनच्या पोलिसी गोष्टी कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु गोष्ट कोठून आली यापेक्षा ती काय विचारते, हे महत्त्वाचे असते.

मालिकेचे नाव ‘होमिसाइड : लाइफ ऑन द स्ट्रीट’. १९९३ ते १९९९ अशी सात पर्वे ती एन. बी. सी. या वाहिनीवर चालली. ‘बाल्टिमोर सन’ या दैनिकाचे पोलीस-वार्ताहर डेव्हिड सायमन यांनी १९८८ हे संपूर्ण वर्ष त्या शहराच्या खून-तपास विभागात घालविले आणि जे पाहिले त्यावर १९९१ साली एक पुस्तक प्रसिद्ध केले. ही मालिका त्या पुस्तकातून निघाली व तिचे चित्रण प्रत्यक्ष बाल्टिमोरमध्येच झाले. तिच्यातील एक वस्तू पाहणाऱ्याच्या कायमची ध्यानात राहते. कचेरीत एक मोठा फळा आहे. प्रत्येक तपासनीसाच्या नावाखाली मेलेल्यांची नावे लिहिलेली असतात. उलगडा न झालेला खून लाल शाईत, झालेला काळ्या शाईत. लालाचे काळे झाले की सरकारी काम संपले.

आम्ही ज्या भागाविषयी बोलत आहोत तो ६ जानेवारी १९९४ रोजी प्रक्षेपित झाला. त्याचे नाव ‘बॉप गन’. दिग्दर्शक स्टीफन जिलेनहॉल. पटकथा सायमन व त्यांचे मित्र डेव्हिड मिल्स या दोघांची. कथानक अगदी साधे आहे. एलिसन नावाचे जोडपे आपल्या मुलगा-मुलीसह शहर पाहावयास आलेले असते. रस्त्यात तीन पोरे त्यांना लुटण्यासाठी अडवितात. एका पोराच्या हातात पिस्तूल असते, गोळी सुटते आणि मुलांच्या डोळ्यांदेखत त्यांची आई मरते. नवऱ्याची भूमिका रॉबिन विल्यम्स या, लोकांना हसविण्यासाठीच प्रसिद्ध असलेल्या, नटाने केली आहे. येथे तो कोणालाही हसवीत नाही.

प्रेक्षकाची अपेक्षा असते की आता खुनी कोण याचा शोध चालेल आणि तो सापडला की गोष्ट संपेल. पोरे तर पकडली जातातच. खरी गोष्ट त्यानंतर उभी राहते. गोळी झाडल्याचा आरोप ज्याच्यावर येतो त्या व्हॉन पर्किन्स या पोरात के हॉवर्ड या तपासनीस बाईला खुनशीपणाचा मागमूस दिसत नाही. याने गोळी झाडली असेल हे तिच्या मनाला पटत नाही. ती खणत राहते. शेवटी तुरुंगात जाऊन त्याला भेटते, तेव्हा उत्तर मिळते ते असे की, गोळी त्यानेच झाडली. पिस्तूल त्याने स्वतःकडे घेतले होते ते सोबत्याच्या हातून कोणाला इजा होऊ नये म्हणून! ऐन वेळी तो गांगरला आणि चाप ओढला गेला.

त्या बाईला हेतू हवा होता. तो मिळाला नाही. पण कारण मात्र मिळाले. आमच्या मते या भागाचे सारे मर्म या फरकात आहे. हेतू हा माणसाच्या मनात असतो. कारण हे मनाच्या बाहेरही असते. हेतू नव्हता म्हणून कारणही नव्हते असे म्हणणे, म्हणजे आपण चुकीच्या जागी शोध घेऊन हात हलवीत परत येणे होय.

हा भेद आम्ही विद्यापीठात शिकलो नाही. तो आम्हाला कारखान्यांतील अपघातांनी शिकविला. पॉवर प्रेसवर काम करणाऱ्या एखाद्याची बोटे जातात. व्यवस्थापनाच्या अहवालात ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असे दोन शब्दांत उत्तर लिहिलेले असते. आम्ही संघटनेची माणसे चौकशीला जातो, तेव्हा प्रथम हे पाहतो की प्रेसला गार्ड होता काय. तो कोणी व का काढला? माणूस किती तास उभा होता? नव्या पोराला काम कोणी शिकविले? बोटे तुटावीत असा हेतू कोणाचाच नसतो. तरीही १९४८ च्या कारखाने कायद्याच्या २१ व्या कलमाने धोकादायक यंत्रभागांना आडोसा घालणे मालकावर बंधनकारक केले. कायदा करणाऱ्यांनी हे ओळखले होते की, माणूस केव्हा ना केव्हा गांगरणारच. तेव्हा त्याच्या गांगरण्याची किंमत बोटांनी मोजावी लागू नये. पोराच्या हातातील पिस्तूल म्हणजे गार्ड नसलेले यंत्रच. धाकाने पाकीट काढून घेणे आणि एका कुटुंबाचा नाश करणे, यांत अंतर उरते ते फक्त एका बोटाच्या थरथरीचे.

आता हे यंत्र ज्या शहरात उभे होते ते शहर पाहू. १९५० साली बाल्टिमोरची लोकवस्ती साडेनऊ लाखांच्या घरात होती. १९९० साली ती सुमारे ७ लाख ३६ हजारांवर आली. शहराबाहेर खाडीकाठी स्पॅरोज पॉइंट येथे बेथलेहेम स्टील कंपनीचा पोलादाचा कारखाना होता. १९५० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथे सुमारे ३० हजार माणसे काम करीत आणि जगातील सर्वांत मोठा पोलाद कारखाना म्हणून त्याची गणना होई. पुढे ही संख्या घटत गेली, २००१ साली कंपनीने दिवाळे काढले आणि २०१२ साली भट्ट्या कायमच्या विझल्या. शाळा सोडलेल्या पोराला बापाबरोबर फाटकातून आत जाण्याची जी वाट होती, ती अशी बुजत गेली.

ही वाट सर्वांना सारखी मोकळी होती असेही नाही. कृष्णवर्णीयांनी कोणत्या गल्लीत राहावे हे ठरविणारा ठराव बाल्टिमोरने १९१० सालीच केला होता. १९१७ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा ठरावांना मनाई केली, तरी वस्त्या वेगळ्याच राहिल्या. पोलाद कारखान्यांतही भट्टीजवळची उष्ण आणि कष्टाची कामे काळ्या कामगारांच्या वाट्याला येत. बढतीतील हा पंक्तिप्रपंच मोडण्यासाठी १९७४ साली न्यायालयापुढे तडजोड व्हावी लागली, आणि तीत कंपन्यांच्या बरोबरीने कामगार संघटनाही प्रतिवादी होती, हे आम्हा संघटनावाल्यांनी विसरू नये. ज्या वस्त्यांचा रोजगार गेला तेथे अमली पदार्थांचा बाजार आला, आणि बाजाराबरोबर पिस्तुले आली. १९९३ या एका वर्षात त्या शहरात ३५३ खून झाले. एलिसनबाईंची गोष्ट दाखविली गेली ती त्यानंतर लगेचच्या आठवड्यात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. कारखाने बंद पडले म्हणून काय प्रत्येकाने पिस्तूल उचलले? लाखो गरीब सचोटीने जगले, त्यांचे काय? आमच्या गिरणगावातही हेच विचारले गेले. १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर अडीच लाख गिरणी कामगारांची घरे विस्कटली. त्यांतील काही थोड्या पोरांना टोळ्यांनी उचलले. बहुतेकांनी भाजी विकली, रिक्षा चालविली, पहारेकऱ्याची नोकरी धरली. हे खरे आहे आणि अभिमानाचेही आहे. पण गार्ड नसलेल्या प्रेसवरही शंभरांतील नव्याण्णव जण बोटे शाबूत घेऊन घरी जातात. म्हणून गार्डची गरज नाही असे ठरत नाही.

तसेच उलट बाजूनेही मर्यादा पाळली पाहिजे. माणूस म्हणजे यंत्र नव्हे. व्हॉन लुटायला गेला तो आपल्या पायांनी गेला. लुटीच्या वेळी झालेली हत्या, मारण्याचा इरादा नसला तरी, मेरीलँडच्या कायद्याने पहिल्या प्रतीचा खूनच ठरते. कारण सांगणे म्हणजे माफी देणे नव्हे. ‘कोणी केले?’ हा प्रश्न न्यायालयाचा आणि ‘हे घडूच कसे शकले?’ हा प्रश्न शहराचा. पहिल्याचे उत्तर मिळाले म्हणून दुसरा सुटत नाही.

या भागातील एक प्रसंग आम्हाला विशेष बोचला. तपासनीस या खुनामुळे मिळणाऱ्या ओव्हरटाइमविषयी आपसांत थट्टा करीत असतात आणि एलिसनच्या कानांवर ते शब्द पडतात. तो संतापतो, त्या तपासनीसाला काढून टाका म्हणतो. वरिष्ठ अधिकारी जिआर्डेलो नकार देतो. ओव्हरटाइमवर घर चालविणाऱ्यांची बाजू आम्ही जन्मभर मांडली, म्हणून त्या पोलिसांची भाषा आम्हाला कळते. रोज मढी पाहणाऱ्याला मनावर घट्टा पाडून घ्यावाच लागतो. पण घट्टा पोलिसाच्या मनावर पडणे वेगळे आणि शहराच्या मनावर पडणे वेगळे. परगावची पाहुणी मेली तेव्हा सारे शहर खडबडून जागे झाले. त्याच वर्षी त्याच शहरातील शेकडो तरुण मेले, ते फळ्यावरच्या ओळी होऊन राहिले.

हे सारे बदलू शकते काय? बदलते. २००७ पासून बाल्टिमोरमध्ये ‘सेफ स्ट्रीट्स’ नावाचे काम चालू झाले. वस्तीतील, त्या मार्गाने स्वतः जाऊन आलेली माणसे, भांडण पिस्तुलापर्यंत पोहोचण्याआधी मध्ये पडतात. २०२२ साली शहराने पश्चिम विभागात आणखी एक उपक्रम हाती घेतला. ज्या मोजक्या तरुणांकडून गोळीबाराचा धोका अधिक, त्यांना गाठून एका हाताने काम व आधार देऊ करावयाचा आणि दुसऱ्या हाताने कायद्याची स्पष्ट ताकीद द्यावयाची. २०२४ साली त्या शहरातील खुनांची संख्या २०१ होती. याचे सगळे श्रेय एकाच उपायाला देता येणार नाही, कारण त्या वर्षांत अमेरिकेतील इतर शहरांतही खून कमी झाले. परंतु ज्याला खरोखरच कारण नसते ते असे कमी होत नसते, एवढे तरी त्यावरून सिद्ध होते.

तेव्हा आमचे वाचकांना सांगणे इतकेच. आपल्या गावात एखाद्या पोराने रागाच्या भरात कोयता उगारला आणि बातमीत ‘विनाकारण’ हा शब्द आला, तर तेथे थांबू नये. कोयता त्याच्या हाती कोणी दिला, तो दिवसभर काय करीत होता, त्याला थोपवू शकेल असे जवळ कोण होते आणि ते त्या वेळी कोठे होते, हे विचारावे. आणि ही चर्चा करताना, ज्याचे माणूस गेले तो समोर बसला आहे असे समजून बोलावे. त्याच्यासमोर जे कारण मान खाली न घालता सांगता येईल, तेवढेच खरे समजावे. कारण फळ्यावरचे नाव लालाचे काळे झाले, तरी त्याच्या घरातील रिकामी जागा तशीच राहते.