पात्याच्या मुळाशी कोणाचे नाव?

कोकणातले जुने घर मोडायला निघाले की माळ्यावरच्या पेट्या खाली येतात. तांब्यापितळेची भांडी नातेवाईक वाटून घेतात, देवघरातल्या मूर्तींची सोय लावली जाते, मोडी कागदांसाठी एखादा अभ्यासक मिळून जातो. पेटीच्या तळाशी उरलेला, गंजून घट्ट मिटलेला चाकू मात्र भंगारवाल्याच्या तराजूत जातो. किलोच्या भावात त्याचे दोन-चार रुपयेही येत नाहीत, त्यामुळे तो कोणी उघडून पाहत नाही. पात्याच्या मुळाशी, मुठीत शिरणाऱ्या भागावर, एखाद्या कारखान्याची खूण असते. ती वाचता आली तर चाकू कोणत्या शहरात आणि साधारण कोणत्या काळात घडला, हे सांगता येते. खूण नसेल तर काम अवघड होते, पण चाकूचे मोल त्यामुळे कमी होत नाही.

रत्नागिरीच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर असलेले पावस स्वामी स्वरूपानंदांच्या समाधिमंदिरामुळे महाराष्ट्रभर परिचित आहे. भोवताली हापूसच्या बागा आणि जवळच पूर्णगडची खाडी. अशा गावात चाकू तीन वाटांनी येत असे. लिहिणाऱ्याच्या कलमदानातून, मुंबईहून किंवा पलटणीतून परतणाऱ्याच्या ट्रंकेतून आणि गावच्या लोहाराच्या भात्यापासून. या तिन्ही वाटा ओळखल्या की निम्मा शोध पुरा होतो.

बोरूचा सोबती

विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लिहिणे म्हणजे बोरू तासणे आलेच. बोरूचे टोक तिरपे छाटायचे, मधोमध बारीक चीर द्यायची आणि झिजले की पुन्हा तासायचे. खोताच्या हिशेबनिसाला, कुलकर्ण्याला, शाळेतल्या पंतोजींना लहान, पातळ आणि अतिशय धारदार पाते लागे. युरोपात पिसाच्या लेखणीसाठी घडवलेला इंग्रजी चाकू या कामाला अगदी योग्य ठरला. पुढे टाक आला, पेन्सिल आली, तरी चाकू खिशात राहिला.

या चाकूंमध्ये सर्वांत मोठे नाव शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स अँड सन्स या कंपनीचे. तारा आणि माल्टीज क्रूस ही त्यांची जोडखूण 1764 पासूनची. 1822 मध्ये त्यांना इंग्लंडच्या राजाचे अधिकृत कटलर म्हणून मान मिळाला. त्याच वर्षी त्यांनी 1822 पात्यांचा एक प्रदर्शनी चाकू सुरू केला. सालाच्या आकड्याइतकी पाती, ही त्यामागची कल्पना. हिंदुस्थान ही या कंपनीची मोठी बाजारपेठ होती. तिचा प्रतिस्पर्धी जॉर्ज वोस्टनहोम. त्याची ‘आय एक्स एल’ ही तीन अक्षरी खूण 1787 पासून नोंदलेली. पुढे 1971 मध्ये रॉजर्सने वोस्टनहोमलाच विकत घेतले.

यातला एक धागा थेट मुंबईशी जुळतो. 1794 च्या सुमारास मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी ‘वुट्झ’ या भारतीय पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. जॉर्ज पिअर्सन यांनी त्यांची परीक्षा करून 1795 मध्ये निबंध प्रसिद्ध केला. लंडनचा कटलर जेम्स स्टोडार्ट याने या पोलादाची हत्यारे घडवून भारतीय पोलाद म्हणून त्यांची जाहिरात केली. 1820 च्या सुमारास त्याने मायकेल फॅरेडेबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले, त्यामागेही या पोलादाविषयीचे कुतूहल होते. मुठीचीही तीच गोष्ट. शेफिल्डच्या कितीतरी चाकूंना भारतातल्या सांबराच्या शिंगाची मूठ असे. इथले शिंग बोटीने तिकडे जाई आणि चाकू होऊन इथल्या बाजारात परत येई.

नाव मालकाचे, हात कारागिराचा

संग्राहक बहुधा कारखान्याच्या नावाशी थांबतात. पण पात्यावर ठोकलेले नाव मालकाचे असते. शेफिल्डमध्ये एक चाकू अनेक हातांतून जाई. एक जण पाते घडवी, दुसरा ते दगडावर घाशी, तिसरा कमान, मूठ आणि पाते जुळवून चाकू उभा करी. यांतले कितीतरी जण स्वतंत्र कारागीर होते. कारखान्याच्या इमारतीत भाड्याने जागा घ्यायची आणि मोठ्या नावांसाठी काम करायचे, अशी त्यांची रीत. त्यांना ‘लिटल मेस्टर’ म्हणत. पाती घासणाऱ्यांच्या फुप्फुसांत दगडाची आणि पोलादाची भुकटी साठे आणि अनेक जण ऐन उमेदीत मरत. त्यांचे नाव पात्यावर कुठेच नाही.

या परंपरेतले अखेरच्या काळातले नामवंत कारागीर स्टॅन शॉ 2021 मध्ये वारले. शाळा सोडल्यावर चौदाव्या वर्षापासून ते मिटते चाकू घडवत होते. त्यांच्या शहराने निदान आपल्या कामगारांची हत्यारे जपली. केन हॉली या हत्यारविक्रेत्याने आयुष्यभर गोळा केलेला संग्रह शेफिल्डच्या केलहॅम आयलंड संग्रहालयात आहे आणि त्यात तयार वस्तूंइतकेच महत्त्व अर्धवट घडलेल्या पात्यांना आहे. इतिहासकार जेफ्री ट्वीडेल यांनी शेफिल्डच्या शेकडो लहानमोठ्या चाकूकारांची सूची केली. त्यामुळे एखादे अनोळखी नाव सापडले तर तो माणूस कोणत्या रस्त्यावर, कोणत्या काळात काम करत होता, हे शोधण्याची सोय झाली आहे.

आपल्याकडेही चाकूंची गावे होती. पंजाबातले वजिराबाद आणि निजामाबाद, बंगालमध्ये वर्धमानजवळचे कांचननगर, कच्छमधले रेहा ही गावे पात्यांसाठी नावाजलेली होती. म्हणून इंग्रजी खूण नसलेला, पण सफाईने केलेला चाकू हाती आला तर तो गावातच घडला असे लगेच धरू नये.

लोहाराची सही

गावच्या लोहाराने पात्यावर नाव ठोकण्याची गरज नव्हती. तो बलुतेदार होता. गिऱ्हाईक त्याला ओळखत होते आणि चाकू बिघडला तर त्याच्याच दारात जात होते. त्याची सही कामात शोधावी लागते.

पात्यावर भिंग धरून पाहिले की अनेक गोष्टी दिसतात. झिजलेल्या कानशीपासून पाते केले असेल तर तिच्या दातांच्या तिरप्या रेषा पाठीजवळ अंधूक उरतात. मऊ लोखंडाला पोलादाची धार जोडली असेल तर जोडाची रेघ धारेला समांतर धावते. घणाचे ठोके पुरते घासून काढले नसतील तर पृष्ठभाग किंचित खळगेदार राहतो. मूठ रेड्याच्या शिंगाची, शिसवीची की फणसाच्या लाकडाची, खिळा पितळेचा की लोखंडाचा, खिळ्याखाली वाटोळी चकती आहे की नाही, हेही पाहावे. एकाच पंचक्रोशीतले पाच-सहा चाकू शेजारी ठेवले की सवयी जुळू लागतात. मुठीचा तोच बाक, खिळ्यांमधले तेच अंतर, नखाने पाते उघडण्यासाठी पाडलेली तशीच खाच. नाव कळले नाही तरी हे सगळे एका हाताचे काम आहे, इतके सांगता येते.

कोकणात कलमांचा चाकू वेगळा काढावा लागतो. आंब्याचे कोय कलम पावसाळ्यात बांधतात. कोवळे रोप आडवे छाटून त्याला उभी चीर देतात आणि पाचरीसारखी तासलेली कलमकाडी तीत बसवतात. काप एका ओढीत, सपाट व्हायला हवा, म्हणून चांगल्या कलमी चाकूला बहुधा एकाच बाजूने धार असते. डोळा भरण्याच्या चाकूला साल उचलण्यासाठी हाडाची किंवा पितळेची चपटी जीभ असते. बागाइती चाकूंसाठी शेफिल्डची सेनॉर ही कंपनी प्रसिद्ध होती. अशा चाकूचे पाते झिजून निम्मे झाले असेल तर त्याने किती कलमे बांधली असतील याचा अंदाज बांधता येतो. संग्राहकांच्या बाजारात मात्र अशा झिजेने किंमत उतरते. कोकणच्या इतिहासासाठी न वापरलेल्या कोऱ्या चाकूपेक्षा हा झिजलेला चाकू अधिक मोलाचा आहे.

काळ कसा ठरवायचा

आधी सगळी पाती उघडावीत. अडकलेले पाते जोर लावून उघडू नये. सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडून ते मुरू द्यावे. मग उजेड तिरपा पाडून मुळाशी पाहावे. अक्षरे पुसट असतील तर पातळ कागद ठेवून वर पेन्सिल हलक्या हाताने फिरवावी.

देशाचे नाव हा पहिला दुवा. ब्रिटनमध्ये 1887 मध्ये आणि हिंदुस्थानात 1889 मध्ये व्यापारी खुणांविषयीचे कायदे झाले. अमेरिकेने 1890 च्या मॅकिन्ले कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव सक्तीचे केले. त्यामुळे ‘इंग्लंड’ किंवा ‘जर्मनी’ असा शिक्का बहुतेक वेळा 1890 नंतरचा असतो. दुसरा दुवा राजचिन्हाचा. मुकुटाच्या दोन्ही बाजूंना ‘व्ही’ आणि ‘आर’ असतील तर राणी व्हिक्टोरिया, ‘ई’ आणि ‘आर’ असतील तर एडवर्ड, ‘जी’ आणि ‘आर’ असतील तर जॉर्ज. पण कंपन्या जुना शिक्का राज्य बदलल्यावरही वापरत, म्हणून एवढ्यावर साल ठरवू नये. तिसरा दुवा धातूचा. हॅरी ब्रिअर्ली यांनी शेफिल्डमध्ये गंजरोधक पोलाद तयार केले 1913 मध्ये. पात्यावर ‘स्टेनलेस’ असे असेल तर चाकू त्यानंतरचा.

पलटणीचा चाकू ओळखायला सोपा. जाड पाते, डबा उघडायचे साधन, दोरीच्या गाठी सोडवायचा टोकदार सुळा आणि दोरी ओवायची कडी. अनेकांवर साल ठोकलेले असते. सरकारी मालाची खूण म्हणजे रुंद बाण आणि त्यासोबत ‘आय’ हे अक्षर असेल तर तो हिंदुस्थान सरकारचा माल. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धात गेलेल्या माणसांची संख्या कोरलेल्या संगमरवरी पाट्या आहेत. त्यांच्यामागच्या माणसांचा माग घेताना असा एक चाकूही साक्षीदार ठरू शकतो.

नकलांपासून सावध राहावे. रॉजर्सच्या नावाचा गैरवापर इतका होता की 1840 च्या दशकात नॉविल नावाच्या चाकूकाराविरुद्धचा त्यांचा खटला इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकांत जाऊन बसला. इंग्रजी नावात ‘डी’ आहे का, तारा आणि क्रूस दोन्ही आहेत का, अक्षरांची खोली एकसारखी आहे का, हे तपासावे.

घासू नका

सापडलेल्या चाकूचे सर्वांत जास्त नुकसान उत्साही माणूस करतो. सँडपेपरने पाते चकचकीत केले की खूण पुसली जाते आणि लोहाराच्या हाताचे ठसेही जातात. काळसर डाग राहू द्यावेत. सुटा लाल गंज तेवढा तेलात भिजवलेल्या कापडाने काढावा. खोबरेल तेल कालांतराने चिकट होते, त्यापेक्षा मशीनचे पातळ तेल बरे. कातडी म्यानात चाकू कायमचा ठेवू नये, कोकणच्या दमट हवेत कातडे ओल धरते. जुन्या सेल्युलॉइडच्या मुठींना वेगळा डबा द्यावा. ते विघटित होताना सुटणाऱ्या वाफा शेजारची पाती गंजवतात. हस्तिदंती मुठीच्या वस्तूची खरेदी-विक्री करता येत नाही, हस्तिदंत 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कक्षेत येते. शंभर वर्षांहून जुनी पुरावस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर नेता येत नाही.

पुण्याच्या दिनकर केळकरांनी (1896–1990) रोजच्या वापरातल्या वस्तू जमवल्या. राजा दिनकर केळकर संग्रहालयातले अडकित्ते पाहायला आज देशोदेशीचे लोक येतात. त्यांतल्या बहुतेक अडकित्त्यांचे कारागीर अज्ञात आहेत, तरीही घोड्यांच्या, पक्ष्यांच्या आकारांतून त्यांची कारागिरी ओळखता येते. कोकणातल्या मिटत्या चाकूंचा, कोयत्यांचा, विळ्यांचा असा संग्रह अजून एकाच जिल्ह्यापुरता, अगदी एकाच पंचक्रोशीपुरताही करता येईल.

त्यासाठी संग्रहालयाची इमारत लागत नाही. पावसच्या आसपासच्या एखाद्या शाळेने एका सुट्टीत हे काम हाती घ्यावे. प्रत्येक चाकूला एक कार्ड. त्यावर चाकू कोणत्या घरचा, कोणी वापरला, कशासाठी वापरला, कोणी आणि कुठून आणला, खूण असल्यास तिचे चित्र, लांबी, मुठीचे साहित्य. चाकू घरच्यांकडेच राहू द्यावा. आणि गावच्या लोहाराने घडवला असे घरातली वडीलधारी माणसे सांगत असतील, तर त्या लोहाराचे नाव, त्याचे गाव आणि त्याची लोहारशाळा कुठे होती तेही त्यांच्याकडून तिथल्या तिथे लिहून घ्यावे. ही नावे आज फक्त त्यांच्याच आठवणीत आहेत.