छाटणीच्या दिवसांतलं गॅरेज

पहाटे ५.१५

ऑक्टोबरात फोन याच वेळेला येतो. गोडी छाटणी उरकून बागा फुटलेल्या असतात, पानं कोवळी, रात्रभर दव पडलेलं. डाऊनी रोगाला याहून सोयीची हवा नाही. ऊन चढायच्या आणि वारा सुटायच्या आत फवारा व्हायला हवा. अशा वेळी ट्रॅक्टर बांधावर उभा राहिला तर माणूस कासावीस होतो.

"मिस्तरी, गाडी चालू होऊ राहिली अन् मिनिटभरात बंद पडू राहिली. टाकी कालवून ठेवलीय औषधाची."

"चावी मारू नका आता. बॅटरी उतरेल. आलोच, आण्णा."

आमच्या निफाड तालुक्यात द्राक्षाच्या दोन ओळींत साधारण नऊ फूट अंतर असतं. त्यातही वाय पद्धतीच्या अँगलचे हात आणि तारा दोन्ही बाजूंनी आत येतात. मोठा ट्रॅक्टर तिथे शिरला तर काड्या मोडतो, घड झोडपतो. म्हणून बागेला छोटा ट्रॅक्टर लागतो. आमच्याकडे तो मान जास्त करून शक्तीचा. १९६७ साली बंगळूरमध्ये मित्सुबिशीच्या सहकार्यानं सुरू झालेल्या कंपनीचा हा ट्रॅक्टर, तीन सिलिंडरचा, साडेअठरा हॉर्सपॉवरचा. वीस-पंचवीस वर्षं झालेल्या गाड्या इथे रोज फवारणीचा ब्लोअर ओढतात. माझं गॅरेज त्यांच्यावरच चालतं, आणि मला त्या मनापासून आवडतात.

सकाळी ६.००

टॉर्च धरून आधी डिझेलची काचेची वाटी बघितली. तळाशी पाणी. डिझेल वर तरंगतं, पाणी खाली बसतं, मधली रेघ उजेडात स्पष्ट दिसते. टाकी अर्धी रिकामी ठेवून गाडी रात्रभर उघड्यावर लावली की आतल्या हवेतली वाफ थंड होऊन पत्र्याला धरते आणि थेंब थेंब खाली उतरते. संध्याकाळी काम संपल्यावर टाकी भरून ठेवली तर हे पाणी फारसं होत नाही. दर हंगामाला मी हे सांगतो.

पण नुसत्या पाण्यानं गाडी अशी मिनिटभरानं बंद पडत नाही. कुठेतरी हवा घेत होती. फिल्टरकडे जाणारा रबरी पाइप क्लिपखाली चिरलेला सापडला. चिरलेला तुकडा कापला, पाइप पुन्हा चढवला, वाटी धुतली आणि एअर काढायला बसलो. फिल्टरवरचा स्क्रू दोन आटे ढिला केला, हातपंप मारत राहिलो. आधी फेस आला, मग बुडबुडे, मग बुडबुड्यांशिवाय सलग धार. धार सलग झाली की पंप मारता मारताच स्क्रू आवळायचा. हात थांबवून आवळला तर हवा परत ओढली जाते. नंतर नोझलवरचे तीन नट ढिले केले, आण्णांना स्टार्टर द्यायला सांगितला. तिन्हींतून डिझेलचे फटकारे आले तसे एकेक आवळत गेलो. शेवटचा आवळायच्या आतच इंजिननं धरलं.

पावणेसातला ब्लोअर ओळीत शिरला.

सकाळी ८.३०

गॅरेजात रात्रीपासून एक गाडी फोडायची ठेवलेली. क्लच घसरतोय अशी तक्रार. ब्लोअरच्या कामात ओळ संपली की वळण, वळणावर क्लच. एकरभर बागेत हे किती वेळा होतं याचा हिशोब कुणी ठेवत नाही. त्यात चालवणारा पाय पेडलवरच ठेवून बसला तर प्लेट लवकर जाते.

फोडणं म्हणजे गाडी इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधून सोडवणं. आधी पुढचा ॲक्सल आणि चॅसिस यांच्यामध्ये दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोकायच्या. पुढचा ॲक्सल मधल्या पिनवर झुलतो. पाचरी नसतील तर मागचा भाग सुटताच इंजिन एका बाजूला कलंडतं. हाताखालच्या पोराला मी हेच काम पहिल्यांदा शिकवलं. पाना धरायला नंतर शिकला तरी चालतं. मग गिअरबॉक्सखाली जॅक, वायरिंग आणि लिंका सोडवायच्या, बोल्ट काढायचे आणि मागचा भाग चाकांवर हळूहळू मागे ओढायचा.

दोन बोल्ट हलेनात. डोक्यावर हिरवट-निळी खपली. बोर्डो फवाऱ्याचं हे लक्षण. त्यातलं मोरचूद लोखंडाला खातं. बोर्डो मारल्यावर त्याच दिवशी गाडी साध्या पाण्यानं धुतली नाही तर प्रत्येक आट्यात ते बसून राहतं. बोल्टला गॅसनं शेक दिला, ऑइल सोडलं, हातोडीनं डोक्यावर टिचक्या मारल्या आणि अर्धा तास दुसऱ्या कामाला लागलो. जोर लावून बोल्ट तोडायला दोन मिनिटं लागतात आणि तुटलेला बाहेर काढायला सगळी दुपार.

प्लेट बाहेर आली ती तेलानं माखलेली. म्हणजे दोष प्लेटचा नव्हता. क्रँकचं मागचं सील गळत होतं. मालकाला फोन करून सांगितलं, "नाना, नुसती प्लेट टाकली तर डिसेंबरात परत फोडावी लागेल. सील आत्ताच बदलू." मजुरी सारी फोडण्या-जोडण्याची, सीलची किंमत त्यापुढे काहीच नाही. गाडी उघडीच आहे तर रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं छोटं बेअरिंगही बदलायचं, हा माझा नियम. जोडताना प्लेट मधोमध बसावी म्हणून एका भंगार गिअरबॉक्सचा शाफ्ट जपून ठेवलाय. तो आत घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्यायचे. शेवटी पेडलला इंचभर मोकळी चाल ठेवायची.

दुपारी १२.३०

पिंपळगावला पंपवाल्याकडे तीन नोझल दिले. टेस्टरवर एकानं धूर सोडावा तसा बारीक फवारा मारला, दोन टपकत होते. टपकणारा नोझल डिझेल जाळत नाही, सिलिंडर धुतो. काळा धूर, जास्त डिझेल, पातळ झालेलं ऑइल, सगळं त्यातून. लोक मात्र धूर दिसला की फ्यूल पंप खोलायला निघतात. पंपाचं सील मी कधी तोडत नाही. ते यंत्रावर बसवायचं माप आहे, अंदाजानं होत नाही.

दुपारी १.३०

भाकरी, ठेचा, पंधरा मिनिटं.

दुपारी २.००

एका गाडीची तक्रार, सकाळी चालू व्हायला त्रास देते. पांढरा धूर, एक सिलिंडर मेल्यासारखं, थोड्या वेळानं सुधारते. मालकानं बॅटरी नवी टाकून बघितली होती, फरक नाही. पोराला म्हटलं, "हीटर काढ तिन्ही." बॅटरीच्या दोन वायरी लावून एकेक तपासला. दोघांचं टोक काही सेकंदांत लाल झालं, तिसरं काळंच राहिलं. हीटरचा दोष बॅटरीच्या माथी जातो तो असा.

हीटर बाहेर होते तेवढ्यात टॅपेटही बघून घेतलं. इंजिन गार होतं, म्हणून माप खरं मिळतं. पहिलं सिलिंडर वरच्या टोकाला आणून दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री केली आणि पाव मिलिमीटरचं गेज पोराच्या हातात दिलं. पान हलकं घासत सरकलं पाहिजे. अडकायला नको, सैल पडायला नको. माप त्याला तोंडपाठ आहे, पण ते घासणं बोटांना कळेपर्यंत एकट्यानं करू देत नाही. टॅपेट सैल असेल तर टकटक ऐकू येते. घट्ट असेल तर काहीच ऐकू येत नाही, व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि गुपचूप जळतो. आवाज बंद व्हावा म्हणून टॅपेट आवळून दिलेली इंजिनं मी उघडलेली आहेत. त्यांचे व्हॉल्व्ह बघवत नाहीत.

दुपारी ४.००

लेथवाल्याकडे पुढच्या चाकांच्या किंगपिनचे बुश टाकले. बागेत सारखं पूर्ण स्टिअरिंग मारून वळावं लागतं, त्यामुळे हे बुश झिजतात आणि चाक डुलायला लागतं. त्या जुन्या मॉडेलचा बुश दुकानात मिळाला नाही. गनमेटलचा बार घेऊन पिनच्या मापानं तो तयार करायचा. असा लेथवाला तालुक्यात आहे तोवर जुनी गाडी भंगारात जाण्याचं कारण नाही.

संध्याकाळी ५.००

एक तरुण शेतकरी ब्लोअरचा शाफ्ट घेऊन आला, क्रॉस बदलून हवा होता. शाफ्टवरचा प्लॅस्टिकचा गार्ड त्यानं काढून टाकलेला. "ग्रीस मारायला अडतो, दादा." मी क्रॉस बसवला, पण गार्ड आणल्याशिवाय शाफ्ट दिला नाही. पीटीओ मिनिटाला ५४० फेरे मारतो, सेकंदाला ९. उपरण्याचं किंवा साडीचं टोक अडकलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. तो रागावला. रागावू दे. तासाभरानं गार्ड घेऊन परत आला.

संध्याकाळी ६.३०

नाना क्लचची गाडी न्यायला आले, सोबत मुलगा. मुलाचं म्हणणं, ही विकून नवी घ्यावी. मी त्याला नवी घेऊ नको म्हटलं नाही. नव्या गाडीचं स्टिअरिंग हलकं असतं, अंगावर कामाचा ताण कमी येतो, हे खरंच आहे. पण ही विकून जे पैसे येतील त्यात नव्याचा पहिला हप्ताही भागणार नाही, आणि ऐन डाऊनीच्या दिवसांत दुसरी गाडी बांधावर तयार असणं याची किंमत कुठल्याच कोटेशनमध्ये नसते. हिचं इंजिन मी उघडून बघितलंय. कॉम्प्रेशन तिन्हींत सारखं आहे. एअर क्लीनरचं तेल वेळेवर बदललं, रेडिएटरच्या जाळीत अडकलेली पानं आणि औषधाची पूड पंख्याच्या बाजूनं कमी दाबाच्या पाण्यानं धुतली, तर ही अजून बरीच वर्षं ब्लोअर ओढेल. मुलानं विचारलं, "तेल किती दिवसांनी बदलायचं?" मी दिवस सांगितले नाहीत. क्लीनरची वाटी सोडवून त्याच्या हातात दिली आणि तळाशी बसलेला गाळ बोटानं काढून दाखवला. एवढा साठायच्या आत.

रात्री ८.००

उद्याची कामं पाटीवर लिहिली. लेथवाल्याकडून बुश, पंपवाल्याकडून नोझल, हीटर दोन जास्तीचे. हवामान खात्यानं परवा पाऊस सांगितलाय, म्हणजे उद्या सगळ्यांनाच फवारा मारायचाय आणि फोन पाचच्या आधी येणार. पोराला म्हटलं, रबरी पाइप, क्लिपा आणि टॉर्चची बॅटरी आत्ताच पेटीत भरून ठेव.