क्षयरुग्णाला धाप लागली, तर थांबू नका

क्षयरोग औषधांनी बरा होतो, हे आता वाडीवस्तीवरही माहीत आहे. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२३ साली भारतात या रोगाने तीन लाखांहून अधिक माणसे दगावली. त्यांतले अनेक जण निदानाच्या वेळीच इतके खालावलेले असतात की, गोळ्यांचा गुण येईपर्यंत शरीर तग धरत नाही. जंतू दोन्ही फुप्फुसे व्यापतात किंवा रक्तावाटे यकृत आणि मेंदूपर्यंत पोहोचतात. मग रक्तातला ऑक्सिजन घटतो, रक्तदाब कोसळतो, लघवी कमी होते.

अशा वेळी अतिदक्षता विभागातला व्हेंटिलेटर वेळ मिळवून देतो. जंतू मारायचे काम मात्र औषधांचेच, आणि खरा पेच तिथेच असतो. रक्तदाब खालावला की आतड्यांचा रक्तपुरवठा आटतो आणि नाकातल्या नळीवाटे दिलेले रिफाम्पिसिन रक्तात पुरेसे उतरत नाही. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड यकृताला इजा करू शकतात. यकृत बिघडले, तर ती काही काळ थांबवून इथॅम्ब्युटॉल, लिव्होफ्लॉक्सासिन अशा औषधांचा आधार घ्यावा लागतो. मूत्रपिंडे निकामी होऊ लागली, तर इथॅम्ब्युटॉल आणि पायराझिनामाइड रोज न देता आठवड्यातून तीनदा देतात. मेंदूच्या आवरणाच्या क्षयात स्टेरॉइड जीव वाचवते. पण रिफाम्पिसिनमुळे यकृत तेच स्टेरॉइड झपाट्याने नष्ट करते. एक अवयव सांभाळताना दुसऱ्याकडे असे सतत लक्ष ठेवावे लागते.

म्हणूनच रुग्ण या टोकाला जाण्याआधी ओळखणे महत्त्वाचे. तमिळनाडूने २०२२ पासून सरकारी केंद्रांत निदान होताच प्रौढ क्षयरुग्णांची साधी तपासणी सुरू केली. तीत ही लक्षणे पाहतात: मिनिटाला २४हून अधिक श्वास, ९४ टक्क्यांहून कमी ऑक्सिजन, आधाराशिवाय उभे राहता न येणे, किंवा टोकाचे कुपोषण, म्हणजे १६० सेंटीमीटर उंचीच्या माणसाचे वजन ३६ किलोंखाली असणे. यांतले एक लक्षण दिसले, तरी रुग्णाला दाखल करण्याची शिफारस होते.

या तपासणीला वजनकाटा, उंची मोजायची पट्टी, घड्याळ आणि ऑक्सिमीटर पुरतो. पुणे जिल्ह्यातल्या भोर-वेल्ह्याच्या डोंगरातल्या वाड्यांवरही ती करता येईल. आणि धोका दिसला, तर रुग्णालयाची वाटही आहे: कापूरहोळला भोर आणि सासवडचे रस्ते पुणे-सातारा महामार्गाला मिळतात. इथून भोरचे उपजिल्हा रुग्णालयही गाठता येते आणि पुण्याचे ससूनही. क्षयरुग्णाला बसल्या जागी धाप लागत असेल, तो बरळत असेल किंवा उपचार सुरू असताना डोळे पिवळे पडले असतील, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट पाहू नका. १०८ला फोन करा आणि चालू औषधांचा कागद सोबत घ्या. रुग्ण वेळेत पोहोचला, तरच डॉक्टरांच्या हाती काही उरते.