आजीचा चेहरा आणि १६ बिट



गेल्या भारतवारीत बाबांच्या निगेटिव्हज घेऊन आलो. (विमानतळावरच्या एक्स-रेची धास्ती होती, पण डेव्हलप झालेल्या निगेटिव्हला त्याने काही होत नाही. जपायची ती न धुतलेली फिल्म.) कॅमेरा अॅग्फा क्लिक थ्री, १२० ची फिल्म, रोलमागे १२ चौकोनी फोटो. शटरचा वेग बदलायची सोयच नाही, त्यामुळे उजेडाचा अंदाज चुकला की चुकला.

त्यात आजीचा एकच फोटो, १९७८ चा. वाईच्या घराच्या दारात उभी, मागे रखरखीत ऊन. ती १९८३ ला गेली, म्हणजे मी तिला पाहिलेलंच नाही. इथे न्यू जर्सीत एका लॅबला स्कॅन करायला दिला. जेपेग आलं: अंगण पांढरंफटक, आजी म्हणजे नुसती काळी आकृती. गिंपमध्ये कर्व्ह्ज ओढून पाहिले, तर चेहऱ्यावर चौकोनी डाग. शेवटी मोह झाला आणि एका एआय टूलला दिला. काय सुरेख चेहरा आला! लगेच बाबांना पाठवला. फोनवर जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "अरे, ही कोण बाई? ही आई नव्हे."

रात्री निगेटिव्ह लॅपटॉपच्या पांढऱ्या स्क्रीनसमोर धरून भिंगातून पाहिली. चेहरा फिकट होता, पण कोरा नव्हता. म्हणजे बराचसा घोळ स्कॅनचा. 'ऑटो'ने गडद टोक कापलेलं, वर ८ बिट, म्हणजे २५६ च पायऱ्या. चेहऱ्याच्या वाट्याला त्यातल्या कितीशा येणार?

मित्राचा फिल्म घेणारा फ्लॅटबेड आणला. सगळं ऑटो बंद, १६ बिट टिफ (६५,५३६ पायऱ्या), हिस्टोग्रामची दोन्ही टोकं मोकळी. मग इन्व्हर्ट करून कर्व्हचा खालचा भाग हळूहळू उचलला, अंगणाला वेगळा मास्क. एक खड्डा मात्र सांगतोच: धूळ काढणारं डिजिटल आइस ब्लॅक अँड व्हाइटला लावू नका. फिल्ममधली चांदी इन्फ्रारेड अडवते आणि सॉफ्टवेअर तिलाच धूळ समजून पुसायला लागतं. मी लावलं, तर पदराचा काठच गायब! मग ब्लोअर आणि क्लोन टूल, तीन तास.

डावा गाल निगेटिव्हवर अगदी पारदर्शक आहे. तिथे काही उमटलेलंच नाही. तो काळाच ठेवला.

असा दाणेदार, अर्धा अंधारातला फोटो बाबांना पाठवला. म्हणाले, "पदर अस्साच घ्यायची." आणि लगेच, "बाकीचे अकरा कधी करतोयस?"