पहिला कॅमेरा घेतांना

घरांत एखादी मुंज किंवा सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा जवळ आला, अथवा मुलगा-मुलगी नुकतीं कमावतीं झालीं, कीं ‘आतां मोबाइलवर भागावयाचें नाहीं, एक चांगलासा कॅमेरा घेऊं या’ असा विचार निघतो. आणि त्यापाठोपाठच प्रश्न येतो : कोणत्या कंपनीचा? धाकट्या काकांचा ओढा कॅननकडे असतो, आत्याबाईंचे यजमान निकॉनची थोरवी सांगत असतात, आणि ज्याच्या हातीं तो यंत्रविशेष पडावयाचा त्या चिरंजीवांनीं सोनीचें नांव मनांत केव्हांच पक्कें केलेलें असतें. आमच्या मतें हा सारा वाद एका गौण मुद्द्यावर चाललेला असतो. कॅनन, निकॉन, सोनी अथवा फुजीफिल्म यांपैकीं कोणाचाहि आजचा कॅमेरा नवशिक्यास पुष्कळ वर्षें पुरून उरेल. चित्र बिघडलें तर त्याचा दोष कंपनीच्या माथीं क्वचितच मारतां येईल.

पूर्वीं पुष्कळ घरांतून आग्फाचा क्लिक-३ हा कॅमेरा असे. फिल्मच्या एका गुंडाळींत बारा चित्रें निघत, लेन्स कॅमेऱ्यासच जडविलेली असे, आणि कॅमेरा मोडला कीं तो व्यवहार तेथेंच संपे. तेव्हां नुसतें नांव पाहून खरेदी केली तरी चालत होतें. लेन्स बदलतां येणाऱ्या कॅमेऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याच्या तोंडाशीं धातूचें एक कडें असतें, त्यांत लेन्स फिरवून बसवितात. या कड्यास माउंट म्हणतात, व बहुतेक प्रत्येक कंपनीचें माउंट निराळें असतें. कॅमेरा कांहीं वर्षांत जुना होतो, नवा घ्यावासा वाटतो. पण नीट सांभाळलेली लेन्स पुढच्या पिढीच्याहि उपयोगी पडते. म्हणून पहिला कॅमेरा घेणें म्हणजे एका घराण्याशीं सोयरीक जोडणें होय, आणि सोयरिकींत नुसतें आडनांव पाहून कोणी होकार देत नाहीं.

आडनांव किती फसवें असतें, याचीं तीन उदाहरणें अलीकडचींच आहेत. निकॉननें २०११ सालीं ‘निकॉन १’ या नांवाची लहान कॅमेऱ्यांची मालिका काढली, ती २०१८ मध्यें बंद केली. कॅनननें २०१२ सालीं ‘ईएफ-एम’ माउंटचे सुटसुटीत कॅमेरे आणले. तेहि २०२३ च्या सुमारास संपले. सॅमसंगची एनएक्स मालिका २०१० सालीं मोठ्या थाटांत निघाली व पांचसहा वर्षांतच बाजारांतून नाहींशी झाली. तिन्ही कंपन्या बलाढ्य, आणि ज्यांनीं विश्वासानें पैसा घातला त्यांच्या लेन्सा मात्र पोरक्या झाल्या. उलट निकॉनचें १९५९ सालचें ‘एफ’ माउंट सुमारें साठ वर्षें त्या कंपनीचा मुख्य आधार होतें. तेव्हां दुकानदारास ‘कंपनी कोणती’ हें विचारूं नये; ‘हिचें माउंट कोणतें, आणि त्याच्या नव्या लेन्सा निघत आहेत काय’ हें विचारावें. आज जीं माउंटें जोमांत आहेत तीं सोनीचें ‘ई’ (२०१०), फुजीफिल्मचें ‘एक्स’ (२०१२), आणि २०१८ सालीं निघालेलीं कॅननचें ‘आरएफ’ व निकॉनचें ‘झेड’. सिग्मा, टॅमरॉन यांच्यासारख्या इतर कंपन्यांच्या स्वस्त व चांगल्या लेन्सा सोनीसाठीं सर्वांत विपुल आहेत; कॅनननें आपल्या आरएफ माउंटचें दार या दोघींना २०२४ पर्यंत उघडलें नव्हतें, आणि उघडलें तेंहि लहान सेन्सरच्या लेन्सांपुरतें. कॅननच्या भक्तांस हें रुचणार नाहीं, पण पैसे मोजणाऱ्यानें ध्यानांत घ्यावें.

दुसरी चौकशी आपल्याच घरांतील कपाटांत करावी. एकत्र कुटुंबांत एखाद्या काकांच्या जुन्या लेन्सा पडलेल्या असतात. कॅननच्या १९८७ पासूनच्या ‘ईएफ’ लेन्सा कंपनीच्या जोडकड्यानें आरएफ कॅमेऱ्यांवर उत्तम चालतात व आपोआप फोकस करितात. निकॉनचें तसें नाहीं. ज्या जुन्या ‘एएफ-डी’ लेन्सांत स्वतःची मोटर नसते, त्यांचा फोकस निकॉनच्या जोडकड्यावर हातानेंच साधावा लागतो. काकांच्या लेन्सा पाहूनच घराण्याची निवड केली तर निम्मा खर्च वांचण्याचा संभव आहे.

आतां ज्या गोष्टीवर खरोखर पैसा घालावा, ती सांगतों. कॅमेऱ्यासोबत जी झूम लेन्स मिळते, तिचें छिद्र लांब टोकास बहुधा एफ ५.६ किंवा त्याहूनहि लहान असतें. बाहेरच्या उन्हांत ती उत्तम. परंतु निरांजनाच्या उजेडांत पूजेस बसलेल्या आजींचें चित्र तिच्यानें निघत नाहीं. हात हलतो, किंवा चित्रावर रवा सांडल्यासारखे कण दिसतात. फ्लॅश मारावा तर आजींचे डोळे मिटतात आणि देवघराची कळाच जाते. एफ १.८ ची स्थिर लेन्स एफ ५.६ च्या सुमारें दहापट प्रकाश आंत घेते. येथें एक धोका आहे. ‘५० मिलीमीटर घ्या, स्वस्त असते’ असें सारे सांगतात. पण नवशिक्याच्या कॅमेऱ्याचा सेन्सर बहुधा एपीएस-सी या लहान मापाचा असतो, आणि त्यावर ती लेन्स ७५-८० मिलीमीटरसारखी वागते. दहा फुटी खोलींत भिंतीस पाठ टेकली तरी चौघेजण चित्रांत मावत नाहींत. अशा घरास ३५ मिलीमीटर किंवा त्याहून कमीची लेन्स पाहिजे. कॅमेरा एक पायरी खालचा घ्यावा आणि उरलेल्या पैशांत ही लेन्स आणावी, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. अंगकाठी भारी आणि लेन्स सामान्य, असा कॅमेरा घेऊन पुढील दिवाळींत लेन्स घेऊं म्हणणाऱ्यांच्या घरीं वडील माणसांचीं साधीं, बसल्या जागचीं चित्रें तेवढीं राहून जातात.

हात आखडता असेल तर जुना, आरशाचा कॅमेरा घेण्यांत कमीपणा नाहीं. मात्र लेन्स उजेडासमोर धरून, मागून विजेरी मारून पाहावी. आंत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय, व असा सौदा सोडावा. परदेशांतून कोणी आप्त स्वस्तांत आणून देतों म्हणाले तरी त्या कॅमेऱ्याची हमी येथें चालेल काय, हें आधीं लेखी विचारून घ्यावें. बहुधा ती चालत नाहीं. आपल्या शहरांत दुरुस्तीचें अधिकृत केंद्र कोणत्या कंपनीचें आहे, हेंहि त्याच दिवशीं पाहावें.

मुंबई व कोंकणपट्टींत राहणाऱ्यांनीं तर बुरशीची भीति नेहमींच बाळगावी. चामड्याच्या बंद पिशवींत ठेवलेली लेन्स एका पावसाळ्यांतहि खराब होऊं शकते. घट्ट झांकणाचा डबा, त्यांत सिलिका जेलच्या पुड्या व एक लहानसें आर्द्रतामापक ठेवावें. कांटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असूं द्यावा. पुड्यांतील निळे दाणे गुलाबी झाले, किंवा नारिंगी दाणे हिरवे पडले, कीं दाणे तव्यावर मंद आंचेनें तापवून पुन्हां वापरतां येतात. हा तवा स्वयंपाकाचा नसावा, एवढें मुलांस बजावून ठेवावें.