कर्मचारी-असंतोष

उद्योगसंस्थेत, कारखान्यात किंवा कार्यालयात काम करणाऱ्या व्यक्तींमध्ये तेथील नेतृत्व, धोरणे, नियम व कामाची पद्धती यांविषयी निर्माण होणारी आणि काही काळ टिकून राहणारी सामूहिक नाराजी म्हणजे कर्मचारी-असंतोष. तक्रार आणि असंतोष यांत फरक केला जातो. तक्रारीला निश्चित विषय असतो व तिचे निवारण होताच ती संपते. असंतोषाचा विषय मात्र पुष्कळदा अस्पष्ट असतो आणि तो एका तक्रारीतून दुसरीत संक्रांत होत राहतो. अपुरे वेतन, बोनस, कामाचे तास आणि नोकरीची अशाश्वती ही असंतोषाची उघड कारणे होत. याखेरीज वरिष्ठ बदलल्यामुळे किंवा उत्पादनाचे तंत्र बदलल्यामुळे कामाच्या ठिकाणची रुळलेली रीत मोडली, तरीही असंतोष उद्‌भवतो. असा असंतोष वेतनाच्या मागणीतून व्यक्त झाला, तरी केवळ वेतनवाढीने तो शमतोच असे नाही.

अभ्यासाचा विकास : विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेडरिक टेलरच्या शास्त्रीय व्यवस्थापनाचा प्रभाव होता. कामाची पद्धत शास्त्रशुद्ध रीतीने ठरविली व कामाच्या प्रमाणात मोबदला दिला, तर मालक आणि कामगार यांच्यात संघर्षाला कारण उरणार नाही, अशी त्यामागील धारणा होती. शिकागोजवळील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांनी या धारणेच्या मर्यादा दाखविल्या. तेथे वीस हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या मुलाखती घेण्यात आल्या. कर्मचारी बोलून दाखवितो ती तक्रार आणि तिच्यामागील खरी व्यथा या पुष्कळदा भिन्न असतात, असे त्यांतून आढळले. तारा जोडणाऱ्या चौदा कामगारांच्या गटाचे निरीक्षण केले असता, दिवसाला किती काम करावयाचे याचा अलिखित दंडक गटानेच घालून घेतल्याचे दिसून आले. या प्रयोगांवर पुढे बरीच टीका झाली. आर्थिक मंदी व मोबदल्याची पद्धत यांच्या परिणामाकडे संशोधकांनी पुरेसे लक्ष दिले नाही, हा तीतील मुख्य आक्षेप होय. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग याने पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते व लेखापाल यांच्या मुलाखतींवरून १९५९ मध्ये असे मांडले, की समाधान देणारे घटक आणि असमाधान निर्माण करणारे घटक वेगवेगळे असतात. असमाधानाच्या कारणांत कंपनीचे धोरण व प्रशासन यांना त्याच्या पाहणीत अग्रस्थान होते.

अलिखित करार : नेतृत्वबदलातून उद्‌भवणाऱ्या असंतोषाचे सर्वांत बोलके विवेचन अमेरिकन समाजशास्त्रज्ञ ॲल्व्हिन गोल्डनर याने १९५४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन ग्रंथांत आढळते. जिप्समची खाण व त्याचे तक्ते बनविणारा कारखाना असलेल्या एका उद्योगाचा त्याने अभ्यास केला. जुन्या व्यवस्थापकाच्या काळात तेथील शिस्त सैल होती. किरकोळ चुका पोटात घातल्या जात. घरच्या दुरुस्तीसाठी कारखान्यातील सामान नेण्यास कोणी हरकत घेत नसे. प्रकृती बिघडल्यास हलके काम मिळे. ही मुभा कोणत्याही करारात नमूद नव्हती. परंतु तीमुळेच कामगार व्यवस्थापनाला आपले मानीत. त्या व्यवस्थापकानंतर मुख्य कार्यालयाने उत्पादन वाढविण्याच्या अपेक्षेने नवा व्यवस्थापक पाठविला. त्याला तेथील माणसे परिचित नव्हती. परिणामी नियमांची काटेकोर अंमलबजावणी सुरू झाली व जुन्या सवलतींना अपराधाचे रूप आले. कायद्याच्या दृष्टीने त्याने काहीही गैर केले नव्हते. तरीही कामगारांना आपला विश्वासघात झाल्यासारखे वाटले. अखेर तेथे संघटनेच्या रीतसर मंजुरीविना संप घडून आला.

संपापूर्वीचा वाद वेतनाचा होता, याचे गोल्डनरने दिलेले स्पष्टीकरण महत्त्वाचे आहे. ‘आमच्यावरील देखरेख पूर्वीसारखी सैल ठेवा’ अशी मागणी कामगार उघडपणे करू शकत नव्हते, कारण तिला कोणी न्याय्य म्हटले नसते. वेतनवाढीची मागणी मात्र सर्वमान्य होती. म्हणून मनातील व्यथेने वेतनाची भाषा घेतली. वेतनाचा प्रश्न मिटला, तरी मूळ दुखणे कायम राहिले. क्रिस आर्जिरिस याने १९६० मध्ये अशा अलिखित अपेक्षांना मानसिक करार असे संबोधिले आणि डेनिस रूसो यांनी १९८९ पासून या संकल्पनेचा विस्तार केला.

तंत्रबदल आणि गटजीवन : एरिक ट्रिस्ट व केनेथ बॅम्फर्थ यांनी ब्रिटिश कोळसाखाणींविषयी १९५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. पूर्वी खाणकामगार आपणच निवडलेल्या सोबत्यांसह लहान गटात सर्व प्रकारचे काम करीत. यांत्रिक पद्धती आल्यावर चाळीस-पन्नास कामगार तीन पाळ्यांत विभागले गेले व प्रत्येकाकडे एकच काम आले. मागील पाळीचे काम अपुरे राहिल्यास पुढील पाळी अडे. त्यामुळे परस्परांवर दोषारोप व अनुपस्थिती यांत वाढ झाली. हाच विचार ए. के. राइस याने १९५३ मध्ये अहमदाबाद येथील कॅलिको मिलमध्ये उपयोगात आणला. तेथे स्वयंचलित माग बसवूनही अपेक्षित उत्पादन मिळत नव्हते. २२४ मागांवरील २९ कामगार बारा वेगवेगळ्या कामांत विखुरलेले होते. त्यांऐवजी ६४ मागांमागे सात जणांचा एक गट नेमून कामाची जबाबदारी गटावर सोपविण्यात आली. त्यानंतर उत्पादन वाढले व सदोष कापडाचे प्रमाण घटले. यंत्रे तीच होती, केवळ माणसांची मांडणी बदलली होती.

मुंबईतील अनुभव : मुंबईच्या कापडगिरण्यांत कामगार आणि मालक यांच्यामध्ये जॉबर हा दुवा असे. कामगारांची भरती, त्यांवरील देखरेख व रजा या बाबी बव्हंशी त्याच्या हाती असत. त्याच्याकडून पिळवणूक होई, तसेच अडीअडचणीत आधारही मिळे. १९२० नंतरच्या दशकात मंदीशी सामना करताना गिरणीमालकांनी विवेकीकरणाचा मार्ग अवलंबिला. दोन मागांऐवजी तीन माग सांभाळणे विणकरांना भाग पडू लागले. शिवाय शिस्तीचे एकसारखे लेखी नियम लागू करण्याचाही प्रस्ताव आला. १९२८ मध्ये सुमारे दीड लाख कामगारांनी जवळजवळ सहा महिने संप केला. त्यानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे वेतनाच्या दरांबरोबरच या स्थायी आदेशांचाही प्रश्न होता.

मालकांच्या नेतृत्वाप्रमाणेच कामगार संघाचे नेतृत्वही असंतोषाचा विषय होऊ शकते, हे १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपाने दाखविले. मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम, १९४६ नुसार कामगारांच्या वतीने वाटाघाटी करण्याचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. बोनस व वेतन यांविषयीच्या त्याच्या भूमिकेवर नाराज झालेले कामगार दत्ता सामंत यांच्याकडे वळले. सुमारे अडीच लाख कामगारांच्या या संपातील प्रमुख मागण्यांत वेतनवाढीबरोबर बदली कामगारांना कायम करणे व उपर्युक्त अधिनियम रद्द करणे यांचा समावेश होता. आपल्या वतीने कोणी बोलावे, हे ठरविण्याचा अधिकारच येथे पणास लागला होता. संप विफल ठरला आणि हजारो कामगारांनी नोकरी कायमची गमावली.

अभिव्यक्ती : अर्थशास्त्रज्ञ ॲल्बर्ट हर्शमन याने १९७० मध्ये असंतुष्टांपुढील दोन मार्ग सांगितले : संस्था सोडून जाणे किंवा तिच्यात राहून आवाज उठविणे. संस्थेविषयीची निष्ठा सोडून जाण्यास विलंब लावते व आवाजाला वाव देते. म्हणून मोठ्याने तक्रार करणारा कर्मचारी पुष्कळदा संस्थेला आपली मानणाराच असतो, आणि एखाद्या कार्यालयातील शांतता हे समाधानाचे निश्चित लक्षण ठरत नाही. अनुपस्थिती, मंदगतीने काम, नियमावर बोट ठेवून काम करणे व राजीनामे ही असंतोषाची मूक रूपे होत. चांगले वेतन असलेले कर्मचारीही आवाज उठवितात. लैंगिक गैरवर्तनाचा आरोप असलेल्या एका वरिष्ठ अधिकाऱ्यास मोठी रक्कम देऊन निरोप दिल्याचे वृत्त प्रसिद्ध झाल्यावर १ नोव्हेंबर २०१८ रोजी गूगल कंपनीचे सुमारे वीस हजार कर्मचारी निरनिराळ्या देशांतील कार्यालयांतून बाहेर पडले. अशा तक्रारी न्यायालयात न नेता लवादापुढेच मांडण्याची सक्ती कंपनीने त्यानंतर मागे घेतली.

निवारण : भारतात औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ ने शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या उद्योगांत मालक व कामगार यांच्या संयुक्त कार्यसमितीची तरतूद केली. २०१० च्या दुरुस्तीने वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांत तक्रारनिवारण समिती आवश्यक केली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये या दोन्ही तरतुदी कायम आहेत. लेखी स्थायी आदेशांची अट मात्र तीनशे किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच लागू होते. या समित्या प्राधान्याने निश्चित तक्रारींचा विचार करतात. रूढ रीत मोडल्याची व्यथा त्यांच्यापुढे मांडणे कठीण असते, कारण ती कोणत्याही कलमात बसत नाही. बदल करण्यापूर्वी त्याची कारणे सांगणे, ज्यांच्या कामावर परिणाम होणार त्यांना निर्णयात सहभागी करून घेणे आणि कोणत्या मोकळिकीमुळे संस्थेचे काम सुरळीत चालत होते हे नव्या अधिकाऱ्याने प्रथम समजून घेणे, हे उपाय या अभ्यासांतून सूचित होतात. व्यवस्थापकीय काम करणारा वर्ग कायद्याच्या कामगार या व्याख्येत येत नाही. त्यामुळे कार्यालयीन क्षेत्रातील अनेकांपुढे आवाज उठविण्याचा विधिमान्य मार्ग अरुंद असून सोडून जाण्याचा मार्ग तेवढा मोकळा राहतो.